आयुका आणि देशोदेशींचा विज्ञाननिधी

संस्थेचा इतिहास लिहायला बसले की भूमिपूजन, उद्घाटन, संचालकांची नामावली आणि गाजलेले शोध या क्रमाने लेखणी आपोआप चालू लागते. आयुकाच्या बाबतीत हे सारे पुष्कळदा लिहून झाले आहे. या लेखासाठी मी पैशाचा धागा धरला आहे. गणेशखिंडीतल्या या संस्थेत पैसा कुठून आला, कोणत्या अटींवर आला, आणि परदेशातल्या करदात्यांच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या दुर्बिणी व वेधशाळा पुण्यातल्या माणसांना कशा खुल्या झाल्या, हे पाहिले म्हणजे संस्थेचे खरे कर्तृत्व कळते. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तपासण्याचा खर्च कोणताही कारखानदार उचलत नाही. तो सरकारांनाच उचलावा लागतो, आणि आता तो एकेकट्या सरकारलाही झेपेनासा झाला आहे. म्हणून अनेक देश मिळून निधी उभारतात. तिथे जागा हवी असेल तर आपला वाटा घेऊन जावे लागते. आयुकाने तो वाटा कसा जमवला, त्याची ही हकिगत.

परदेशी साहाय्य पुण्याला नवे नव्हते. ३ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले तेव्हा तिचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन अमेरिकेतल्या स्टॅनफर्डहून आले होते. त्यांच्यामागून आलेले जॉर्ज फिंच लंडनचे. कृष्णस्वामी व्यंकटरामन यांच्या रूपाने भारतीय संचालक मिळायला १९५७ साल उजाडले. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघाले ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या भागीदारीतून, आणि त्याचे सुरुवातीचे संचालकही प्रतिष्ठानाकडूनच आले. या संस्थांनी देशाची मोठी सेवा केली, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या काळी पैसा, उपकरणे आणि नेतृत्व तिन्ही बाहेरून यायची. आयुकाच्या वाट्याला वेगळा काळ आला आणि तिच्या स्थापकांनी तो ओळखला.

१९८०च्या दशकात विद्यापीठांमधल्या भौतिकशास्त्राची अवस्था बिकट होती. चांगली उपकरणे आणि चांगली ग्रंथालये अणुऊर्जा खात्याच्या किंवा अवकाश खात्याच्या संस्थांत होती. विद्यापीठातला प्राध्यापक त्यांच्यापासून दूर राहिला होता. प्रत्येक विद्यापीठाला महागडी यंत्रे देणे विद्यापीठ अनुदान आयोगाला शक्य नव्हते. तेव्हा सर्व विद्यापीठांसाठी सामाईक केंद्रे काढावीत असे ठरले, आणि त्यांतले पहिले अणुविज्ञानाचे केंद्र १९८४ साली दिल्लीत उभे राहिले. पुढे प्रा. यश पाल आयोगाचे अध्यक्ष झाले. खगोलशास्त्रासाठी असेच केंद्र काढण्याची कल्पना त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. जयंत नारळीकर यांच्यापुढे मांडली. नारळीकर १९७२ साली केंब्रिजहून परतून मुंबईत स्थिरावले होते. त्यांनी होकार दिला, अजित केंभावी आणि नरेश दधीच हे दोन सहकारी बरोबर घेतले, आणि १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात 'इंटर-युनिव्हर्सिटी सेंटर फॉर ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स', म्हणजेच आयुका, सुरू झाले. चार्ल्स कोरिया यांनी काळ्या दगडांत तिची वास्तू घडवली. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे मधल्या कुंडाभोवती आहेत. २८ डिसेंबर १९९२ रोजी सुब्रमण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते संस्था देशाला अर्पण झाली.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. आयुकाचा पाया परदेशी निधीवर उभा नाही. इमारत, वेतन, ग्रंथालय आणि संगणक यांचा खर्च अनुदान आयोगाने, म्हणजे भारतीय करदात्याने उचलला. त्या पैशातला एक भाग फारसा चर्चेत येत नाही, पण माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे: सहयोगी सदस्यत्वाची योजना. एखाद्या लहान शहरातल्या महाविद्यालयाचा किंवा विद्यापीठाचा प्राध्यापक निवडला गेला की त्याला तीन वर्षांसाठी वेळोवेळी आयुकात येऊन राहता येते. प्रवास आणि निवासाचा खर्च संस्था करते. तो इथल्या ग्रंथालयात बसतो, संगणक वापरतो, इथल्या संशोधकांबरोबर काम करतो, आणि परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांना त्यात ओढतो. या योजनेने देशभर खगोलशास्त्राची माणसे तयार केली. परदेशी निधीसाठी अर्ज करताना पहिला प्रश्न असतो, काम कोण करणार? त्याचे उत्तर आयुकाकडे तयार होते.

परदेशी सार्वजनिक निधीशी आयुकाचा सर्वांत फलदायी संबंध जुळला तो फ्रान्सबरोबर. भारत आणि फ्रान्स या दोन सरकारांनी मिळून १९८७ साली प्रगत संशोधनाच्या संवर्धनासाठी एक केंद्र दिल्लीत स्थापन केले. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'इफ्कपार' आणि फ्रेंच आद्याक्षरांवरून 'सेफिप्रा' म्हणतात. त्याची रीत साधी आहे. अर्ज एकच, पण त्यावर एक भारतीय आणि एक फ्रेंच असे दोन मुख्य संशोधक हवेत. दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ प्रस्ताव तपासतात, आणि मंजूर झाला की साधारण तीन वर्षे पैसे मिळतात. रक्कम डोळे दिपवणारी नसते. संशोधक एकमेकांकडे जाऊन राहतील, एखाददुसरा पीएच.डी.नंतरचा तरुण संशोधक नेमता येईल, इतपत. पण दोघांच्याही सरकारांनी पैसा घातलेला असल्याने कोणी कोणाचा मिंधा नसतो. मला हा आराखडा फार शहाणपणाचा वाटतो. मोठ्या रकमांच्या योजनांपेक्षा अशा छोट्या, पण वर्षानुवर्षे टिकणाऱ्या योजनांनी भारतीय विज्ञानाला अधिक दिले असेल.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे आयुकातले आर. श्रीआनंद आणि पॅरिसचे पाट्रिक पेतिजाँ यांची जोडी. दोघांचा विषय क्वेसारचा प्रकाश. क्वेसार अतिदूर आणि अतितेजस्वी. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना वाटेतल्या वायूंच्या ढगांतून गाळला जातो आणि त्या ढगांच्या खुणा वर्णपटात रेषांच्या रूपाने उमटतात. त्या रेषा बारकाईने वाचल्या तर अब्जावधी वर्षांपूर्वीच्या ढगाचे तापमान कळू शकते. यासाठी लागणारी दुर्बीण भारतात नव्हती. ती चिलीच्या वाळवंटात, पारानाल डोंगरावर होती. युरोपीय दक्षिणी वेधशाळेची 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप' ही यंत्रणा अनेक युरोपीय देशांच्या वर्गणीतून उभी राहिली, आणि भारत त्या संघटनेचा सदस्य नाही. फ्रान्स आहे. इंडो-फ्रेंच निधीने पुणे आणि पॅरिस जोडले गेले आणि त्या वाटेने पुण्याचा संशोधक पारानालच्या वर्णपटापर्यंत पोहोचला.

डिसेंबर २०००मध्ये श्रीआनंद, पेतिजाँ आणि सेद्रिक लेदू यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. महास्फोटाच्या सिद्धान्ताप्रमाणे विश्व आज २.७ केल्विन इतक्या थंड प्रारणाने भरलेले आहे आणि पूर्वी ते याहून उष्ण असायला हवे. या तिघांनी वाचलेल्या ढगाच्या काळी ते सुमारे ९ केल्विन असावे असे गणित सांगत होते. त्यांच्या मोजणीतून प्रारणाचे तापमान ६ आणि १४ केल्विनच्या दरम्यान निघाले. भूतकाळातले विश्व आजच्यापेक्षा उष्ण होते याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता. संस्थेच्या इतिहासाची एक सुंदर बाब इथे नोंदवतो. नारळीकर स्वतः महास्फोटाचा सिद्धान्त मानत नसत. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी आयुष्यभर पर्यायी विश्वरचनेचा पाठपुरावा केला. त्यांच्याच संचालकपदाच्या काळात, त्यांच्याच संस्थेतून महास्फोटाला बळ देणारा निष्कर्ष निघाला आणि संस्थेने तो मोकळेपणाने मिरवला. २००४मध्ये श्रीआनंद, हुम चंद, पेतिजाँ आणि अरासिल यांनी याच पद्धतीने भौतिकशास्त्रातला एक मूलभूत स्थिरांक काळाबरोबर बदलतो का हे तपासले आणि बदलाचा पुरावा सापडत नाही असे दाखवले. २०२३पासून श्रीआनंद आयुकाचे संचालक आहेत.

फ्रेंच निधीची दुसरी शाखा गुरुत्वीय लहरींच्या कामाकडे गेली. आयुका नुकतीच सुरू झाली होती तेव्हापासून संजीव धुरंधर इथे या विषयात गढलेले होते. लहरी सापडतील असे तेव्हा कोणी छातीठोकपणे सांगत नव्हते. १९९१ साली बी. एस. सत्यप्रकाश आणि धुरंधर यांनी 'फिजिकल रिव्ह्यू डी'मध्ये एक निबंध लिहिला. एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या दोन ताऱ्यांची लहर यंत्राच्या गोंगाटात कशी ओळखायची, त्यासाठी अपेक्षित लहरींचे किती नमुने आधी गणिताने तयार ठेवायचे आणि ते कसे निवडायचे, याची ती पद्धत होती. पुढे लहरी शोधणाऱ्या जगभरच्या गटांनी याच विचाराची वाट धरली. इंडो-फ्रेंच प्रकल्पातून धुरंधर यांनी नीसच्या वेधशाळेतले झाँ-इव्ह विने यांच्याबरोबर अवकाशात सोडायच्या 'लिसा' या यंत्रणेच्या गणितावर काम केले. या सगळ्याला लागले ते कागद, संगणक, प्रवासखर्च आणि चिकाटी. पुण्याची जागतिक पत या स्वस्त कामातून तयार झाली, आणि पुढच्या महागड्या प्रकल्पाच्या वेळी तीच उपयोगी पडली.

दरम्यान संस्थेने स्वतःची आणि भागीदारीची उपकरणेही जोडली. घोडेगावजवळ गिरवलीच्या डोंगरावर २ मीटर आरशाची दुर्बीण २००६मध्ये सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या सदरलंड इथल्या 'सॉल्ट' दुर्बिणीत आयुका भागीदार झाली. ९१ षट्कोनी आरसे जोडून बनवलेली ही दुर्बीण दक्षिण आफ्रिकेच्या सार्वजनिक निधीबरोबरच पोलंड, अमेरिका, जर्मनी, ब्रिटन आणि न्यूझीलंड इथल्या संस्थांच्या वर्गणीतून २००५ साली उभी राहिली. तिचा नियम सरळ आहे: जितका वाटा, तितका वेधाचा वेळ. भारताच्या विद्यापीठातल्या संशोधकाला आज दक्षिण गोलार्धातले आकाश पाहायला मिळते ते या नियमामुळे.

आता लायगोकडे, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकी यंत्रणेकडे येतो, कारण पैशाची खरी परीक्षा तिथे झाली.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने, म्हणजे तिथल्या सरकारी विज्ञाननिधीने, लायगोवर आपल्या इतिहासातली सर्वांत मोठी गुंतवणूक केली. वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड आणि लुईझियानात लिव्हिंगस्टन इथे काटकोनात ४-४ किलोमीटर लांबीच्या नळ्या, त्यांत जवळजवळ निर्वात पोकळी आणि तिच्यातून धावणारा लेसर. नव्या, सुधारित लायगोसाठी तीन संचांची सामग्री तयार होत होती आणि त्यांतले दोन संच हॅनफर्डलाच बसायचे होते. मग असा विचार पुढे आला की तिसरा संच अमेरिकेबाहेर, शक्य तितका दूर नेला तर लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे कितीतरी नेमके सांगता येईल. लहर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या क्षणी पोहोचते. त्या फरकावरून दिशा निघते, आणि केंद्रे जितकी दूर तितका फरक मोठा. आधी तो संच ऑस्ट्रेलियाला द्यायचे ठरत होते. तिथल्या सरकारला २०११मध्ये ठरलेल्या मुदतीत पैशाची हमी देता आली नाही.

भारतातल्या गुरुत्वीय लहरींच्या संशोधकांनी २००९ साली 'इंडिगो' हा संघ स्थापन केला होता. बाला अय्यर, सी. एस. उन्नीकृष्णन, तरुण सौरदीप आणि धुरंधर ही त्यातली आघाडीची माणसे. शेवटचे दोघे आयुकाचे. त्यांनी संधी ओळखली आणि प्रस्ताव तयार केला. गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि पुण्याची आयुका अशा तीन संस्था पुढे आल्या. निर्वात नळ्यांचे काम गांधीनगरकडे, लेसर व प्रकाशयंत्रणेचे इंदूरकडे. जागेचा शोध, माहितीचे विश्लेषण आणि माणसे तयार करणे हे आयुकाकडे. अमेरिकी निधीने तज्ज्ञ समित्यांकडून प्रस्ताव तपासून घेतला आणि ऑगस्ट २०१२मध्ये त्यांच्या विज्ञान मंडळाने संच भारतात हलवायला संमती दिली. वाटणी अशी होती: अमेरिका सुमारे ८ कोटी डॉलर किमतीचे भाग देणार, तेही वस्तुरूपाने; जमीन, इमारत, नळ्या, उभारणी, माणसे आणि पुढचा चालवण्याचा खर्च भारताचा. आंतरराष्ट्रीय सार्वजनिक निधीचे हे मर्म वाचकांनी ध्यानात घ्यावे. यात भारताच्या हातात एक डॉलरही रोख येत नाही. येते ती अनेक वर्षे घासूनपुसून सिद्ध झालेली सामग्री आणि ती बनवणाऱ्यांची विद्या.

तिकडून संमती मिळाली, पण इथला निर्णय रखडला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन्ही अमेरिकी केंद्रांनी १३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर टिपली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती बातमी जगाला कळली, आणि आयुकाच्या चंद्रशेखर सभागृहात तिचे स्वागत झाले. शोधनिबंधावर भारतीय संस्थांतल्या तीसहून अधिक संशोधकांची नावे होती. बातमीनंतर सहाच दिवसांत, १७ फेब्रुवारीला, केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी दिली. ३१ मार्चला वॉशिंग्टनमध्ये सामंजस्य करार झाला. त्यानंतर पूर्ण आर्थिक मंजुरी मिळाली ती एप्रिल २०२३मध्ये: २,६०० कोटी रुपये. मधली सात वर्षे गेली ती गेलीच. त्या काळात जगात इटलीचे व्हर्गो हे लहरी टिपणारे केंद्र कामाला लागले, जपानचे काग्रा सुरू झाले. निर्णयाला लागणारा वेळ हाही विज्ञानाचा खर्चच असतो, आणि तो तरुण संशोधकांच्या उमेदीच्या वर्षांतून वसूल होतो. ज्यांनी त्या सात वर्षांत आशा न सोडता विद्यार्थी घडवले, आयुकात 'सारथी' हा संगणकसमूह चालवून जगाच्या विश्लेषणात भाग घेतला, त्यांचे ऋण या इतिहासात नोंदलेच पाहिजे.

जागा निश्चित झाली ती हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. ४ किलोमीटरच्या दोन भुजा मावतील इतकी सपाट जमीन, समुद्राच्या लाटा आणि रेल्वे-महामार्गांच्या हादऱ्यांपासून दूर, आणि भूगर्भही शांत, अशा अटींवर अनेक राज्यांतल्या जागा तपासून ही निवड झाली. ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरस्थ पद्धतीने कोनशिला बसवण्यात आली.

परदेशी सरकारी निधीवर किती विसंबावे, याचा धडाही याच काळात मिळाला. हवाई बेटांवरच्या नियोजित ३० मीटर दुर्बिणीत भारत भागीदार आहे आणि भारतीय संस्थांमध्ये आयुकाही आहे. २०१४ साली मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे १,३०० कोटी रुपये मंजूर केले. स्थानिकांना मौना केआ पर्वत पवित्र, म्हणून तिथे न्यायालयीन लढा आणि आंदोलने झाली, बांधकाम थांबले. २०२५मध्ये अमेरिकी विज्ञाननिधीने आपल्या अर्थसंकल्पी मागणीत दुसऱ्या एका दुर्बिणीला पसंती देऊन या दुर्बिणीला पुढच्या टप्प्यात नेणार नसल्याचे जाहीर केले. त्याच मागणीत लायगोच्या दोन अमेरिकी केंद्रांपैकी एकच चालवावे असाही प्रस्ताव होता. करदात्याचा पैसा त्या त्या देशाच्या राजकारणाबरोबर हलतो. त्यात कोणाला दोष देण्यासारखे नाही. पण म्हणूनच औंढ्याचे काम आता लांबणीवर पडू देऊ नये. जगात अशी केंद्रे कमी होण्याची भीती असताना आपले केंद्र उभे राहिले तर त्याचे मोल दुप्पट होईल.

याच साडेतीन दशकांत पुण्याची भूमिकाही पालटली. आदित्य-एल१ यानावरची सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी 'सूट' दुर्बीण आयुकात घडली आणि २ सप्टेंबर २०२३ रोजी अवकाशात गेली. शेजारच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने खोडदच्या ३० तबकांच्या रेडिओ दुर्बिणीच्या अनुभवावर 'स्क्वेअर किलोमीटर ॲरे' या आंतरराष्ट्रीय वेधशाळेची नियंत्रणप्रणाली रचण्यात पुढाकार घेतला. ज्या शहराने मॅकबेन आणि फिंच यांना बोलावून प्रयोगशाळा सुरू केली, त्याच शहरातल्या संस्था आता जगाच्या सामाईक यंत्रणांना आपली विद्या पुरवतात.

२० मे २०२५ रोजी डॉ. नारळीकर पुण्यात निवर्तले. त्यांनी आयुकाच्या आवारातच मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभारली, आणि त्या वास्तूसाठी पैसा आला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाकडून. मराठी विनोदाच्या पुस्तकांची मिळकत शाळकरी मुलांच्या विज्ञानप्रयोगांना लागली, ही नोंद मला फ्रेंच आणि अमेरिकी निधींच्या नोंदींइतकीच अभिमानाची वाटते.

आता मागणे मराठवाड्यातल्या महाविद्यालयांकडे आहे. औंढ्याचे केंद्र चालवायला गणितज्ञ तर लागतीलच, पण निर्वात यंत्रणा सांभाळणारे तंत्रज्ञ, वेल्डर, विद्युत अभियंते, संगणकाचे जाणकारही लागतील, आणि ते हिंगोली, परभणी, नांदेडचे असावेत. आयुकाचे सहयोगी सदस्यत्व प्राध्यापकांसाठी खुले आहे, उन्हाळी शाळा विद्यार्थ्यांसाठी आहेत, राष्ट्रीय विज्ञान दिनी दार सर्वांना उघडे असते. या लेखाच्या वाचकांत जे शिक्षक असतील त्यांनी यंदा अर्ज करावा, आणि आपल्या वर्गातल्या एका तरी विद्यार्थ्याला गणेशखिंडीला पाठवावे.